मायकोरायझा टाकून व्हायरस जात नसतो, एका बागायतदाराचं पत्र

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर "द्राक्षातल्या व्हायरसवर मायकोरायझा रामबाण" असं मोठ्या टायपात आलं होतं. मायकोरायझा म्हणजे मुळीत राहून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणून देणारी बुरशी, पावडर करून पाकिटात विकतात ती. ते कात्रण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर तीन जण मला विचारायला लागले, एकरी किती किलो टाकायचं म्हणून. मी काही शास्त्रज्ञ नाही, बारावी सायन्स करून शेतीत आलेला माणूस, पण नान्नजच्या बाजूला साडेतीन एकर बाग आहे, बावीस वर्षं छाटण्या करतोय, आणि हा व्हायरस आणि ही पावडर दोन्ही माझ्याच बागेत दोन वर्षं शेजारी शेजारी नांदलीत म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण फॉस्फोरिक ॲसिडचा भाग ठेवा एवढी विनंती.

तर झालं असं. माझ्याकडं काळ्या द्राक्षाचा एक प्लॉट आहे, त्यात विहिरीकडच्या बाजूच्या वेली दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या शेवटी लाल पडायला लागल्या. म्हणजे घडांना रंग चढतोय आणि खालची पानंपण लाल, पण शिरा मात्र हिरव्यागार, आणि पानाच्या कडा खाली वळलेल्या, जणू कुणी पापड अर्धा तळून काढलाय. पान हातात चुरगाळलं तर कडकड मोडायचं. मला वाटलं पालाश (पोटॅश) कमी पडलं, म्हणून झिरो झिरो फिफ्टी हे पालाशचं खत सोडलं. मग कुणी म्हणालं मॅग्नेशियम, ते पण फवारलं. एकानं तर सांगितलं की गर्डलिंगची, म्हणजे खोडाची गोल साल काढतात त्याची, जखम भरली नसंल, त्यानंही पानं लाल होतात (आणि ते खरंय, होतात) पण मी त्या प्लॉटला गर्डलिंग केलंच नव्हतं. बाकीच्या वेलींचे मणी अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) गेले तरी ह्या वेली सोळाला अडकून बसल्या, व्यापारी घड हातात घेऊन नुसता हसला आणि पुढच्या ओळीत गेला. शेवटी पानं-काड्या तपासायला पाठवल्या तर लीफरोल व्हायरस निघाला.

आता व्हायरस म्हटलं की आपल्याकडं लगेच "कुठलं फवारायचं" हा प्रश्न येतो. फवारायचं काहीच नाही. भुरी असू दे, केवडा असू दे, करपा असू दे, त्यांच्यावर बुरशीनाशक आहे, पण वेलीच्या आत शिरलेल्या व्हायरसला मारणारं औषध बागेत मारायला मिळत नाही, जगात कुठंच नाही. हा लीफरोल राहतो कुठं तर पानात तयार झालेली साखर खाली-वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये. त्या नळ्या बिघडल्या की साखर पानातच तुंबते, म्हणून पान जाड होतं, कडक होतं, लाल होतं, आणि घडाला आणि मुळीला साखर कमी जाते. मुळीला कमी जाते हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आणि आला कुठून? काडीतून. आपण डॉगरिज ह्या अमेरिकन वेलीचं खुंट रोप लावतो, म्हणजे खाली मुळी त्याची आणि वर आपली जात, वर्षभरानं सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच्यावर पाचर कलम करतो, आणि काडी आणतो कुणाच्या तरी भरलेल्या बागेतून, "त्यांचा माल बघितला का, घड कसला लांबडाय" म्हणून. मी पण तशीच आणली होती, गाडीला पोत्यात गुंडाळून, ओलं फडकं टाकून, लेकराला आणावं तशी. ज्याच्याकडनं आणली त्याचा दोष नाही, त्याला तरी कुठं माहिती. आपली निम्मी द्राक्षशेती अशाच काडीवर उभी आहे, सोनाका ही जात आमच्या नान्नजच्या नानासाहेब काळेंनी थॉमसनमधनं निवडून काढली, तास-ए-गणेश सांगलीकडं बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी, आणि तिथनं काडी काडीनं गावोगाव गेली. जातिवंत गुण जसा काडीतनं येतो तसा रोगपण येतो, फुकटात. त्यात गंमत अशी की पांढऱ्या द्राक्षात, थॉमसनसारख्या, हा लीफरोल असा लालभडक दिसतच नाही, जरा पिवळसर, जरा कडा वळलेल्या, बास. आणि अमेरिकन खुंट तर बहुतेक वेळा तोंडच उघडत नाहीत, आत व्हायरस असला तरी हिरवेगार. नाशिक आणि पुणे भागातल्या बागांमध्ये लीफरोल सापडल्याचं संशोधकांनी केव्हाच नोंदवलंय, पण आपल्या सोलापूरकडं लोक अजून त्याला पोटॅशची कमतरताच म्हणतात. शिवाय एकदा बागेत आला की पिठ्या ढेकणाच्या काही जाती तो एका वेलीवरनं दुसऱ्या वेलीवर नेतात, आणि मुंग्या त्या ढेकणाला सांभाळतात, गोड चिकट्यासाठी.

असो, तर रिपोर्ट आला त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस दारात. नाव घेत नाही. "मालक, मायकोरायझा सोडा, व्हायरस मुळापासनं जातोय. दोनशे लिटरच्या टाकीत दोन किलो गूळ टाका, आपलं पाकीट टाका, तीन दिवस काडीनं ढवळा, लाखाचे करोड होत्यात." मी सोडलं की हो. माणूस बुडताना काय धरत नाही. अर्ध्या ओळींना सोडलं, अर्ध्या तशाच ठेवल्या, ते मात्र मी मुद्दाम केलं, आणि त्याबद्दल मंडळींनी मला वेड्यात काढलं, की औषध आणलंय तर सगळ्यांना द्या की, निम्म्याच पोरांना जेवायला वाढणार का.

माझी भाची सोलापुरात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. तिला गुळाचं सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "मामा, ट्रायकोडर्मा वाढतो गुळावर, जीवामृतातले जिवाणू वाढतात, पण ही बुरशी जिवंत मुळीशिवाय वाढतच नाही. टाकीत तुम्ही भलतंच काहीतरी वाढवलं आणि ही बिचारी उपाशी ठेवली." मग ती एका रविवारी बागेत आली, ड्रीपरखालची पांढरी मुळी दोन्ही प्रकारच्या ओळींतनं काढून पिशव्यांत भरली, नावं लिहिली. दोन आठवड्यांनी मला कॉलेजात बोलावलं. मुळीचे सेंटीमीटरभर तुकडे, कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून पारदर्शक केलेले, आणि मग रंगवायला काय तर व्हिनेगर आणि पेनातली शाई! मी म्हटलं हे काय लोणचं घालतीस काय. पण मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खरंच सांगतो, बावीस वर्षं पांढरी मुळी बघतोय पण आत काय चाललंय ते कधी दिसलं नव्हतं. मुळीच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या, त्यांच्या मधनं निळे दोरे गेलेले, आणि काही पेशींच्या आत त्या दोऱ्याला फांद्या फुटून फुटून एक बारकं झाड तयार झालेलं. बाभळीचं खुरटं झुडूप उलटं धरल्यासारखं. मधेमधे गोल फुगे. ती म्हणाली हे झाड म्हणजे देवाणघेवाणीचा काउंटर, इथं बुरशी स्फुरद देते आणि वेल साखर देते, आणि हे झाड काही दिवसच टिकतं, मग पेशी ते मोडून टाकते आणि बुरशी दुसऱ्या पेशीत नवीन दुकान मांडते. साखरेबरोबर वेल तिला स्निग्ध पदार्थ, म्हणजे फॅट पण पुरवते, हे तर २०१७ साली कळलं म्हणे.

आणि खरा धक्का पुढं. पाकीट न टाकलेल्या ओळीच्या मुळीतपण तेच निळे दोरे, तीच झाडं. म्हणजे बुरशी माझ्या रानात आधीपासनंच होती, पैसे न घेता. ही बुरशी आणि झाडं यांची सोयरीक चाळीस कोटी वर्षांपूर्वीची, स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या दगडांत तिचे जीवाश्म आहेत, मायकोरायझा हा शब्द १८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन माणसानं दिला, आणि आपण तिला पाकिटात विकत घ्यायला लागलो. बुरशी म्हटलं की द्राक्षवाल्याचा हात आपसूक ब्लोअरकडं जातो, जन्मभर आपण बुरशी मारतच आलो, त्यामुळं मुळीत बुरशी असणं चांगलं हे पचायलाच अवघड.

आता व्हायरसचं. भाचीकडनं आणि इकडनं तिकडनं वाचून मला जे समजलं ते असं. क्रोएशियात स्प्लिट शहरातल्या संशोधकांनी व्हायरस असलेल्या मेर्लो जातीच्या वेली घेऊन त्यांना ही बुरशी दिली, एका हंगामात मोजमापं घेतली आणि २०२३ साली छापलं, की बुरशी दिलेल्या आजारी वेलींचं प्रकाशसंश्लेषणाचं काम सुधारतं. म्हणजे पान पुन्हा बऱ्यापैकी कामाला लागतं. हे चांगलंच आहे, ह्याला मी नाही म्हणत नाही. फ्रान्समधलं एक काम तर मला त्याहून आवडलं. तिकडं फॅनलीफ नावाचा दुसरा व्हायरस आहे, तो जमिनीतला एक सूत्रकृमी, म्हणजे अगदी बारीक जंत, मुळीला सुई टोचून पसरवतो (सूत्रकृमी व्हायरस पसरवतो हे जगात पहिल्यांदा कळलं तेच ह्या द्राक्षाच्या रोगावरनं, कॅलिफोर्नियात १९५८ साली). तर २०१२ मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात दिसलं की मुळीत ही बुरशी असली तर त्या सूत्रकृमीची पैदास घटते आणि मुळीवरच्या गाठीपण कमी होतात, आणि नुसतं बुरशी असलेल्या मुळीतच नाही, त्याच वेलीच्या ज्या मुळीत बुरशी नाही तिथंसुद्धा. म्हणजे वेल आधीच कंबर कसून बसते, चोर यायच्या आत कुत्रं जागं. पण नीट वाचा, तिथं बुरशीनं अडवलं ते व्हायरस आणणाऱ्याला. आत शिरून बसलेल्याला नाही. "व्हायरस मुळापासनं जातोय" आणि हे, जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उलटी बाजूपण आहे, ती कंपनीवाले सांगत नाहीत आणि तुमच्या लेखातही नव्हती. टोमॅटो, तंबाखू असल्या पिकांवर जे जुने प्रयोग झाले त्यात काही वेळा बुरशी असलेल्या झाडात व्हायरस जास्तच वाढलेला दिसला, कारण झाड पोसलेलं, स्फुरद भरपूर, मग व्हायरसलापण खायला भरपूर. टोमॅटोच्याच पिवळ्या बोकड्याच्या एका व्हायरसमध्ये मात्र नेमकं उलट, त्रास कमी झाला. म्हणजे कुठलं पीक, कुठला व्हायरस, कुठली बुरशी ह्यावर सगळं अवलंबून. ह्याला रामबाण म्हणतात का साहेब?

आणि मला स्वतःला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकली ती कुणी बोलतच नाही. वर म्हटलं ना, लीफरोलनं मुळीला साखर कमी जाते. आणि ही बुरशी जगते कशावर तर मुळीतल्या साखरेवर. म्हणजे ज्या घरात आधीच पीठ संपत आलंय तिथं आपण अजून एक पाहुणा जेवायला बसवतो. पाहुणा कामाचा आहे, विहिरीवरनं पाणी आणून देतो, लांबनं सामान आणून देतो, कबूल. पण घरधन्याचा ताप तो उतरवत नाही, आणि घरात काहीच उरलं नाही तर तो तरी किती दिवस राबणार. माझ्या बागेत काय झालं ते सांगतो, पाकीट टाकलेल्या लाल वेली आणि न टाकलेल्या लाल वेली, दुसऱ्या जानेवारीत दोन्ही लाल. खरड छाटणीनंतरच्या फुटी दोन्हीकडं सारख्याच, मला तरी फरक दिसला नाही. आता माझा प्रयोग म्हणजे काही प्रयोग नव्हे, गुळात आंबवून बुरशी मारूनच टाकली असंल, हे पण खरं.

आता ते फॉस्फोरिक ॲसिड. आपली सोलापूरची रानं काळी, चुनखडीची, पाण्याला क्षार. स्फुरद टाकलं की चुन्याला धरून बसतं, मुळीला मिळत नाही. नेमकं इथंच ही बुरशी कामाची, कारण तिचे धागे मुळीच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, मातीच्या ज्या फटीत मुळी जात नाही तिथं जाऊन स्फुरद उचलून आणतात. पण आपण करतो काय? ऑक्टोबर छाटणी झाली की डीएपी, मग बारा एकसष्ट शून्य, मग ड्रीपनं फॉस्फोरिक ॲसिड, सगळी स्फुरदाचीच खतं, वरनं "लाइन पण साफ होते" म्हणून अजून थोडं. आणि मुळीभोवती आयतं स्फुरद असलं की वेल स्वतःच ह्या बुरशीला दार लावून घेते. बरोबरच आहे की, बाजारात सगळं मिळत असताना दलाल कोण पोसंल. वर मुळकूज होईल ह्या भीतीनं कार्बेन्डाझिम गटातल्या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग, म्हणजे मुळाशी ओतणं, त्यानं ही बुरशी मरते. वर दोन ओळींमध्ये रोटाव्हेटर, त्यानं धाग्यांचं जाळं तुटतं. आणि एवढं सगळं करून झाल्यावर आपण दुकानात जाऊन विचारतो, मायकोरायझा आहे का? भाचीनं माझ्या ज्या प्लॉटला मी सगळ्यात जास्त ॲसिड आणि ड्रेंचिंग केलं होतं तिथली मुळी पण बघितली होती. तिथं निळे दोरे शोधावे लागत होते. ती काही बोलली नाही, नुसतं मायक्रोस्कोपपासनं बाजूला सरकली आणि म्हणाली, बघा मामा.

मी नवीन प्लॉटला, निरोगी रोपांना, लावतानाच खड्ड्यात मुळीला चिकटेल असा चांगला मायकोरायझा देण्याच्या विरोधात अजिबात नाही. तिथं त्याला अर्थ आहे. पण पाकिटावर बुरशीचं नाव, दर ग्रॅमला त्या बुरशीची संख्या, तयार केल्याची आणि संपायची तारीख बघून घ्या, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेलं पाकीट घेऊ नका. आणि एक गोष्ट, मायकोरायझा हा खत नियंत्रण आदेश १९८५ खाली जैविक खत म्हणून विकला जातो. खत म्हणून. रोगावरची औषधं विकायची तर त्याला कीटकनाशक कायदा १९६८ आहे, तिथं नोंदणी लागते. मग खताच्या पाकिटावर "व्हायरस नष्ट करतो" असं छापणाऱ्याला कोण विचारणार? आणि साहेब, राग मानू नका, पण ते कात्रण फिरलं तेव्हा खाली तुमच्या पेपरचं नाव होतं म्हणून लोकांनी विश्वास ठेवला, त्या कंपनीवाल्यानं तर ते लॅमिनेशन करून घेतलंय म्हणे.

व्हायरसचं खरं काम आहे ते काडीपाशी. ज्या बागेतनं काडी न्यायची त्या बागेची आधी तपासणी, एलायझा नाहीतर पीसीआर (व्हायरस ओळखायच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या), आणि तीसुद्धा पांढऱ्या जातींची जास्त, कारण त्या चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत लीफरोल आटोक्यात आणला तो असाच, तपासलेली रोपं, पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त आणि आजारी वेल उपटून टाकणे. द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याला मांजरीला आहे, सोलापूरहून काही फार लांब नाही, पण प्रत्येक बागायतदारानं काड्या घेऊन तिकडं पळावं हे होणार नाही. आपल्या जिल्ह्यात, पंढरपूरकडं कासेगावला, इकडं नान्नज-वैरागला, बार्शीकडं, थोड्या थोड्या तपासलेल्या मातृबागा असल्या तर लोक तिथनंच काडी नेतील, चार पैसे देऊनसुद्धा नेतील.

मी ह्या एप्रिलला विहिरीकडच्या सव्वीस वेली मुळासकट काढल्या. काढताना वडील बांधावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत, फक्त जेसीबीवाल्याला म्हणाले हळू रे, शेजारच्या वेलीची मुळी तुटंल. मुळ्यांचे तुकडे वेचून जाळले, शेजारच्या वेलींच्या खोडाची सुटी साल काढून घेतली, ढेकूण लपायला जागा नको म्हणून. त्या पट्ट्यात ह्या रब्बीला मालदांडी ज्वारी टाकणार आहे, ज्वारीच्या मुळीवर ही बुरशी फार छान वाढते असं भाची म्हणते, आणि कडबा तरी मिळंल. पुढच्या वर्षी तिथं डॉगरिज लावीन आणि त्याच्या पुढच्या सप्टेंबरला कलम.

तेवढ्यासाठी एक विचारायचं होतं. तुमच्या वाचकांमध्ये कुणाकडं व्हायरसची टेस्ट केलेली, रिपोर्ट हातात असलेली काळ्या द्राक्षाची बाग असंल आणि ते काडी द्यायला तयार असतील, तर पुढच्या रविवारच्या पानावर दोन ओळी छापा. माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलाय, पेपरात टाकू नका, नाहीतर तो पाकीटवाला परत येईल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
नान्नज परिसर, ता. उत्तर सोलापूर